फुलाफुलांच्या छताची फियाट

रविवारी सकाळी पंचसिला मैदानाच्या कडेच्या चहाच्या टपरीवर जी मंडळी जमतात, त्यांना जावाबेटावरच्या सालातिगा गावात कुणी शहाणं म्हणत नाही. सगळ्यांची पन्नाशी उलटलेली, निम्म्यांची साठीसुद्धा. समोर गरम गोड चहा, ताटलीत टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, तोंडी लावायला हिरवी मिरची, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. फोनवर जुन्या गाड्या. विकायला काढलेल्या, दुसऱ्याच्या, बहुतेक वेळा दुसऱ्या गावातल्या. यातल्या एकालाही गाडी घ्यायची नसते. निदान घरी तसं सांगितलेलं असतं.

"ही बघा टेगालची. म्हणतोय, रोज वापरात आहे."

"असेल. कोंबड्या बसत असतील रोज."

हा दुसरा आवाज तुकिरानचा. जन्मभर सोलो-सेमारांग बस चालवून तो निवृत्त झाला, आणि प्रवाशांवर ओरडायची सवय आता मित्रांवर भागवतो. त्याच्या शेजारी कोह लियोंग, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, बोलायला कमी, ऐकायला पक्का. आणि बाकाच्या टोकाला, चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाजवळ धरलेले हांदोयो मास्तर. तांत्रिक शाळेत त्यांनी आयुष्यभर मुलांना यंत्रांची चित्रं काढायला शिकवली. आता पेन्शन आणि फोन.

मध्य जावाच्या जुन्या फियाटवाल्यांचा फेसबुकवर एक गट आहे. त्यात हांदोयो मास्तरांना कुणी मास्तर म्हणत नाही, 'पाक डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणतात. जाहिरात आली की खाली लोक लिहितात, "इथे चप्पल ठेवतो." म्हणजे मी आत आलेलो नाही, पण दारात आहे, माझ्यावर लक्ष असू द्या. पाचपन्नास चपला जमल्या की कुणीतरी विचारतं, "पाक डॉक्टरांनी नाडी बघितली का?" मग सगळे गप्प बसतात. मास्तर फोटो मोठा करतात, दाराच्या फटी बघतात, छपराची पन्हळ बघतात, रंगाची चमक कुठे जास्त आहे ते बघतात. मग दोन ओळी लिहितात. त्यांनी बरी म्हटलेली गाडी आठवडाभरात जाते. त्यांनी नाक मुरडलेली गाडी वर्षभर अंगणात उभी राहते. आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही खोटं लिहिलं नव्हतं, म्हणून तर हा मान.

हे सांगायचं कारण असं, की या धंद्यात खरं लिहिणारा माणूस विरळा. इथली रीतच उलटी. ज्याला गाडी मनापासून हवी असते तो आधी चारचौघांत तिला नावं ठेवतो. सडलीय, ठोकलीय, इंजिन दुसऱ्याच गाडीचं आहे. बाकीचे बिचकतात, मालकाचा धीर सुटतो, जाहिरात थंड पडते, आणि मग हा सद्गृहस्थ पडेल चेहऱ्याने मालकाच्या दारात जातो आणि उपकार केल्यासारखी गाडी घेऊन येतो. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. बाजारात वांगी घेताना बायका नाही का वांग्याला नावं ठेवत? तुकिरानने याच पद्धतीने दोन गाड्या मिळवल्या होत्या आणि तो ते अभिमानाने सांगायचा.

मास्तर म्हणायचे, "मला कुठे घ्यायचीय? मी फक्त बघतो."

हे मात्र पूर्ण खरं नव्हतं. मास्तरांना एक गाडी घ्यायची होती. एकच, आणि तीसुद्धा त्यांचीच.

फियाट अकराशे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी ती घेतली तेव्हा ती जुनीच होती, छताचं कापड फाटून डोक्यावर लोंबत होतं. त्यांच्या बायकोला, मुर्वानीला, तेव्हा दिवस गेलेले. पडद्यासाठी आणलेलं हिरवं कापड होतं, त्यावर बारीक पिवळी फुलं. तिने ते घेतलं आणि पोट सांभाळत, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी होऊन, मापं घेत घेत छत शिवलं. मागच्या काचेजवळ कापड कमी पडलं तेव्हा एक तुकडा जोडला, आणि घाईत तो उलटा जोडला गेला. त्या तुकड्यातली फुलं देठावर उभी राहायची सोडून खाली डोकं करून राहिली. "असू दे," मुर्वानी म्हणाली, "पोरगी मागे झोपून बघेल तेव्हा तिला सुलटीच दिसतील." मुलगीच होणार हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं. झालीही मुलगीच. निंग्रुमला दवाखान्यातून त्याच गाडीतून घरी आणलं. कोपेंगच्या घाटात गाडी चढताना तापायची, मग मास्तर पाणी शोधत फिरायचे आणि मायलेकी रस्त्याच्या कडेला भाजलेलं कणीस खात बसायच्या.

अठ्ठ्याण्णव साली रुपिया कोसळला आणि सगळा देशच काही ना काही विकत होता. मास्तरांनी गाडी विकली. दलाल आला आणि घेऊन गेला, कुणाकडे गेली ते कळलंही नाही. मुर्वानी त्यावरून त्यांना कधी टोचून बोलली नाही. फक्त एकदा, बऱ्याच वर्षांनी, भांडी घासता घासता म्हणाली, "छत तरी काढून ठेवायला हवं होतं आपण." त्यानंतर मास्तरांना जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघायचा नाद लागला. लोकांना वाटलं, निवृत्तीचा छंद.

त्या दिवशी जाहिरात आली ती मुंटिलानहून. फियाट अकराशे, रंग फिका निळा. मास्तरांची पांढरी होती, म्हणून ते पुढे सरकवणारच होते. पण आतला फोटो आला. मागची काच, त्यावरचं हिरवं छत, बारीक पिवळी फुलं, आणि काचेजवळच्या तुकड्यात ती सगळी खाली डोकं करून.

मास्तरांनी फोन मांडीवर उलटा ठेवला. चहा घेतला, तो गार झालेला होता, तरी संपवला.

"काय हो डॉक्टर, पेशंट दगावला का?" तुकिरान म्हणाला.

"काही नाही. मुंटिलानची एक आहे."

"ती निळी? बघितली मी. पाच मिनिटांत चपलांचा ढीग लागलाय. जकार्तावाला तो डेंटिस्टसुद्धा दारात उभा आहे. आणि हे बघा," त्याने कोह लियोंगकडे बोट केलं, "आमचे शेटजीसुद्धा चप्पल ठेवून बसलेत."

कोह लियोंग हसला. "चांगली दिसते. म्हातारपणी एक असावी म्हटलं."

मास्तरांनी मनातल्या मनात पेन्शनचा हिशेब केला. मागितलेली किंमत देणं त्यांना कसंबसं जमलं असतं. पण डेंटिस्ट आला की किंमत जागेवर राहत नाही. आणि ही माझी गाडी आहे हो, असं मालकाला सांगावं तर तेही अंगावर येतं. माणसाचं मन अडकलंय हे एकदा विकणाऱ्याला कळलं की तो काय मागेल त्याचा नेम नाही. निदान मास्तरांनी स्वतःची अशी समजूत घातली. आता मागे वळून बघताना त्यांना वाटतं, गाडीच्या मालकीणबाईला सरळ फोन केला असता तर तिने कदाचित चहा पाजून किल्ली हातात दिली असती. पण माणूस वर्षानुवर्षं ज्या बाकावर बसतो त्या बाकाचे गुण त्याला लागतात.

घरी गेल्यावर त्यांनी फोटो पुन्हा मोठा केला. मागच्या डाव्या दाराची फट वरून बारीक आणि खाली रुंद दिसत होती. बघणाऱ्याला शंका यावी अशीच. ती का रुंद आहे हे जगात एकाच माणसाला नक्की माहीत होतं. कोपेंगला गाडी मागे घेताना दार उघडं राहिलं होतं, ते एका दगडी खांबाला अडकलं, बिजागरी वाकली. मास्तरांनी ती स्वतः ठोकून बसवली होती आणि ती थोडी तिरकी बसली. बाकी गाडीला त्याचं काही नव्हतं.

त्यांनी लिहिलं: "मागच्या डाव्या दाराची फट बघा. तळ सडून बसल्याशिवाय फट अशी खाली रुंद होत नाही. गाडी मधोमध वाकलेली आहे. निळा रंग आणि पुट्टी सोडली तर हाती काही लागणार नाही. घाटात दोन तुकडे होतील. कुटुंबासाठी घेणाऱ्यांनी जपून."

बोट क्षणभर थांबलं. मग त्यांनी ते पाठवलं.

पुढे जे झालं ते बघत बसण्यासारखं होतं, आणि मास्तर बघत बसले. "धन्यवाद डॉक्टर, वाचलो." "चप्पल उचलली." "मीपण उचलली." "डोळे उघडलेत, पाक." जकार्ताच्या डेंटिस्टने नुसता हात जोडल्याचं चित्र टाकलं. संध्याकाळपर्यंत दारात एकही चप्पल उरली नाही. कोह लियोंगनेही आपली नेली. मास्तरांना वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्यांना गंमत वाटली. इतकी वर्षं जमवलेल्या विश्वासाचं वजन किती आहे ते त्यांना पहिल्यांदाच कळलं.

जाहिरात थंड होऊ द्यायची, हाही रिवाजच. लगेच गेलं तर संशय येतो. मास्तर थांबले. आठवडा सरता सरता जाहिरातच गटातून नाहीशी झाली. मालकाने हात टेकले, आता जायला हरकत नाही, असा त्यांनी अर्थ लावला. जाहिरातीत पत्ता होता, मुंटिलानच्या बाजारामागे, दिवंगत पाक विदाग्दो यांचं घर.

"मूर, रविवारी मुंटिलानला जायचंय," ते बायकोला म्हणाले.

"तिथे कोण आहे आपलं?"

"एक काम आहे. तू चल तर. येताना ऐटीत येऊ."

"तुमची ऐट म्हणजे खिडकीची सीट," मुर्वानी म्हणाली. तरी तिने निघताना शेंगदाण्याच्या वडीचं एक पाकीट पिशवीत टाकलं. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, कामाला गेलो तरी.

मिनीबस कोपेंगवरून गेली. मेरबाबू डोंगराच्या उतारावर कोबीचे वाफे होते, कणीसवाल्या तशाच बसल्या होत्या. मास्तर खिडकीतून बघत होते आणि मनातल्या मनात गाडी चालवत होते. या वळणावर दुसरा गिअर. इथे पाणी. येताना इथे थांबायचं, कणीस घ्यायचं, आणि मुर्वानीला म्हणायचं, मागे बस बघू, वर बघ. ते एकटेच हसले तेव्हा मुर्वानीने त्यांच्याकडे रोखून बघितलं.

घर लगेच सापडलं. बैठं, कौलारू, दारात चाफा. शेजारी पत्र्याची मोकळी शेड. शेडमध्ये जमिनीवर तेलाचा काळा डाग होता आणि एका कडेला चार विटा रचलेल्या होत्या. बाकी काही नव्हतं.

बाई बाहेर आल्या. साठी उलटलेल्या, ताठ, चष्मेवाल्या. पाक विदाग्दोंच्या पत्नी बू यूस्तिना, म्हणजे यूस्तिनाबाई. मास्तरांनी नाव सांगितलं तेव्हा त्या दोन पावलं पुढे आल्या.

"हांदोयो? सालातिगाचे? फेसबुकवरचे डॉक्टर?"

"लोक म्हणतात तसं, बू."

"या, आत या. देवानेच पाठवलं तुम्हाला. मी भाच्याला म्हणतच होते, त्या माणसाचा फोन नंबर शोध, मला आभार मानायचेत."

मास्तरांना बसायला सांगितलं गेलं, ते बसले. भिंतीवर क्रूस होता, कॅलेंडर होतं, आणि मधे एक खिळा होता ज्यावर काही टांगलेलं नव्हतं. बू यूस्तिनांनी चहा आणला, गुळातला चिकट भात वड्या पाडून आणला. मग समोर बसून सांगायला लागल्या.

"मला ते फेसबुक वगैरे कळत नाही. जाहिरात भाच्याने दिली होती. लोकांनी काय लिहिलं ते तो रोज वाचून दाखवायचा. तुमचं वाचलं त्या दिवशी त्याने आधी लपवलं. मी म्हटलं, वाच. तर म्हणे घाटात दोन तुकडे होतील." त्यांनी पदरासारखी खांद्यावरची ओढणी सारखी केली. "पाक, त्याच दिवशी एक जोडपं येऊन गेलं होतं. योग्याकार्ताचं, कडेवर लहान बाळ. त्यांना गाडी फार आवडली होती. मी त्यांना शब्दसुद्धा दिला होता. तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्या बाळाला त्या गाडीत बसवलं असतं हो."

"मग… गाडी?" मास्तरांनी विचारलं.

"दिली. उंगारानचा सुट्या भागांवाला आला, त्याला देऊन टाकली. त्याने इथेच कापली. चांगली गाडी म्हणून कुणाला विकायचा जीवच झाला नाही. तुम्हीच सांगा, विकायची म्हणजे पापच ना ते?"

मास्तरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तुम्हाला सांगते, मला त्या गाडीवाल्या माणसाचाच जास्त राग आलाय. आमच्या ह्यांचा. दर शनिवारी गाडीखाली. लेकीच्या साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा हातांना ग्रीस. मी म्हणायचे, माझ्यापेक्षा तीच लाडकी. आणि आता कळतंय की एवढं करून माणसाला तळ सडलेला दिसला नाही. नाहीतर दिसला असेल, आणि तरी आम्हाला, नातवंडांना घेऊन फिरवत राहिला. दोन्हीतलं काय धरायचं मी?" त्या थांबल्या. "फोटो काढून आत ठेवलाय त्यांचा. बघवत नाही."

मुर्वानी मागच्या दाराशी उभी होती. अंगणातल्या दोरीवर एक मोठं कापड वाळत होतं. हिरवं, विटलेलं, बारीक पिवळ्या फुलांचं.

"ते त्याने फेकून दिलं होतं," बू यूस्तिना म्हणाल्या. "छताचं आहे. कापड अजून घट्ट आहे, धुतलं. शिलाई मशीनवर घालायला होईल. कुणी शिवलं होतं देव जाणे, पण हात चांगला होता बाईचा."

मुर्वानी अंगणात उतरली. तिने कापडाची कड हातात घेतली, उलटून शिवण बघितली. मग दोरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, तिथला जोडलेला तुकडा बघितला. बोटं त्यावरून फिरवली. चिमटा निसटला होता, तो परत नीट लावला. मग आत येऊन मास्तरांच्या शेजारी बसली आणि वडीचं पाकीट पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

"घ्या ना, बू. आमच्याकडची आहे," एवढंच म्हणाली.

मास्तरांनी तेव्हा सांगायला हवं होतं. वेळ तीच होती. ओठावर आलंही होतं. पण समोरची बाई इतक्या कृतज्ञतेने बघत होती की त्यांनी चहा संपवला, आभार मानून घेतले आणि उठले. दारातून निघताना त्यांनी चपला घातल्या तर त्या उलट्या पायांत गेल्या.

मिनीबसमध्ये मुर्वानीने खिडकीची सीट घेतली. कोपेंग आलं. कणीसवाल्यांचा धूर दिसला तेव्हा म्हणाली, "ते दार तुम्हीच वाकवलं होतं ना?"

"हो."

"आणि लिहिलं काय, दोन तुकडे होतील."

"मूर, मला ती परत आणायची होती. तुझ्यासाठीच. सगळे असंच करतात, आधी नावं ठेवतात, मग—"

"सगळ्यांचं ऐकून कुणी गाडी कापत नाही," ती म्हणाली. "तुमचं ऐकून कापली." मग बऱ्याच वेळाने, बाहेर बघतच, "नुसती किंमत विचारायची होती हो."

घरी आल्यावर तिने नेहमीसारखा भात लावला. मास्तरांना वाटलं होतं ती रडेल, भांडेल. ती दोन्ही करत नव्हती आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला.

नंतरच्या आठवड्यात उंगारानवाल्याची जाहिरात आली. फियाट अकराशेची चार दारं, काचा, दिवे, डॅशबोर्ड, स्टिअरिंग, सगळं वेगवेगळं, प्रत्येकाचा वेगळा फोटो. वर लिहिलेलं: 'पाक डॉक्टर हांदोयो यांनी तपासून बाद ठरवलेल्या गाडीचे भाग. भाग मात्र उत्तम.' एका फोटोत कापलेला तळ मागे पडलेला दिसत होता. मास्तरांनी तो मोठा करून बघितला. कापलेल्या कडेला पत्रा चांदीसारखा पांढरा होता. गंजाचा ठिपका नव्हता. कुणीतरी वर्षानुवर्षं त्याला खालून तेल आणि डांबर लावून जपलं होतं, शनिवारी शनिवारी.

खाली चपलाच चपला. "डॉक्टर, डॅशबोर्ड घेऊ का?" "पाक, स्टिअरिंग ओरिजिनल आहे ना?"

मास्तरांनी आपल्याच नावाखाली लिहिलं: "ही गाडी निर्दोष होती. दाराची फट माझ्या हातची जुनी चूक आहे, ही गाडी एकेकाळी माझी होती. मला ती स्वस्तात परत हवी होती म्हणून मी खोटं लिहिलं. तळ बघा, कळेल. मला माफ करा."

मग हसणारी तोंडं यायला लागली, एकामागून एक. "डॉक्टर आता सुटे भाग विकायला लागले वाटतं!" "आधी पाडलं, आता चढवतायत, धंदा शिकले." "उंगारानवाल्याकडून कमिशन किती, पाक?" एकाने लिहिलं, "आम्हाला माहीत आहे, तुम्ही खोटं बोलत नाही. मग आत्ता का बोलताय?" त्याला बाकीच्यांनी भरभरून अंगठे दिले. इतकी वर्षं खरं बोलून मास्तरांनी काय कमावलं होतं, तर हे, की त्यांचं खोटं खरं ठरलं आणि खरं कुणाच्या गळी उतरेना.

रविवारी टपरीवर तुकिरानने पाठ थोपटली. "काय डोकं चालवलंत! फक्त उशीर केलात. पाडल्यावर दोन दिवसांत उचलायची असते. मला विचारायचं होतं."

कोह लियोंगने चहात साखर ढवळली, बराच वेळ ढवळली.

"मी घेणार होतो, हांदोयो," तो शेवटी म्हणाला. "तुझी होती हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तुझ्या आड आलो नसतो. आणि नुसता गप्प राहिला असतास, तरी ती माझ्या दुकानासमोर उभी राहिली असती. तुला रोज बघायला मिळाली असती." त्याचा सूर रागाचा नव्हता. उठताना त्याने दोघांच्याही चहाचे पैसे दिले. त्या दिवसानंतर तो टपरीवर येतो, पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतो.

गटावर कुणी विश्वास ठेवो न ठेवो, मास्तरांना त्याचं आता काही वाटत नव्हतं. त्यांना झोपेतून उठवत होता तो भिंतीवरचा रिकामा खिळा. गाडी गेली ती गेली, तिचे भाग चार गावांत गेले. पण एक माणूस आयुष्यभर गाडीखाली पाठ टेकवून काम करतो, मरतो, आणि मेल्यावर त्याच्याच बायकोच्या नजरेतून उतरतो, ते कुणाच्या दोन ओळींमुळे?

"मी मुंटिलानला जाऊन येतो," एके सकाळी ते म्हणाले.

मुर्वानी तांदूळ निवडत होती. "मी येऊ?"

"नको. एकट्यानेच जायला हवं."

"मग छत्री घ्या," ती म्हणाली. मास्तर दाराबाहेर पडल्यावर मागून म्हणाली, "आणि ते कापड मागू नका. त्यांचंच आहे आता ते."

बू यूस्तिनांनी याही वेळी आनंदाने दार उघडलं. कापड खरंच शिलाई मशीनवर घातलेलं होतं, फुलं नीट दिसतील असं. उलटा तुकडा मागे भिंतीकडे गेला होता. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले. चहा येण्याआधीच त्यांनी बोलायला सुरुवात केली, कारण चहा आला की माणसाला थांबायला निमित्त मिळतं. गाडी माझी होती, बू. ते छत माझ्या बायकोने शिवलंय. ते दार मी वाकवलं. बाकी लिहिलं ते सगळं खोटं. तळ शाबूत होता, मी कापलेला पत्रा फोटोत बघितला, एवढा जपलेला तळ मी दुसरा बघितला नाही. तुमच्या यजमानांनी ती माझ्यापेक्षा चांगली ठेवली. ते बाळ त्या गाडीत सुखरूप बसलं असतं.

बू यूस्तिना उभ्याच होत्या. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "म्हणजे त्यांना काही दिसायचं राहिलं नव्हतं?"

"नाही, बू. दिसण्यासारखं काही नव्हतंच."

"आणि मी इतके दिवस…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. मास्तर वाट बघत होते. शिव्या द्याव्यात, घराबाहेर काढावं, निदान रडावं. त्यातलं काहीच त्यांनी केलं नाही. त्या वळल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चौकट होती. त्यांनी ती ओढणीने पुसली. खिळ्याला लावली नाही. टेबलावर, मास्तरांच्या बरोबर समोर, चहाच्या भांड्याला टेकवून उभी ठेवली. फोटोतला माणूस बारीक मिशीचा, हसरा, नखांत काळं भरलेला. मागे निळी गाडी होती.

"मला सांगून काय उपयोग, पाक?" त्या म्हणाल्या. "मी नाहीतरी भांडत आलेच होते त्यांच्याशी. त्यांना सांगा."

आणि त्या समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या, नीट ऐकायला.

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "पाक विदाग्दो," ते म्हणाले, "मागचं डावं दार मी वाकवलं होतं."